वरचे पन्नास नॅनोमीटर : विरल मृदा, आयन-रोपण आणि धातूचे आयुष्य

मंगळवारी सिद्धिविनायकाच्या दर्शनाची रांग प्रभादेवीला वीर सावरकर मार्गाच्या कडेने सरकत असते. मंदिरापासून हाकेच्या अंतरावर एका सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय आहे, याची त्या रांगेतल्या फार थोड्यांना कल्पना असेल. कंपनीचे आजचे नाव आयआरईएल. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘इंडियन रेअर अर्थ्स’च आहे. १९५० साली तिची स्थापना झाली आणि १९५२ मध्ये केरळात आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरची जड वाळू उपसायची, तिच्यातली खनिजे वेगळी करायची आणि मोनाझाइट या खनिजातून सिरियम, लॅंथॅनम, निओडिमियम यांसारखी मूलद्रव्ये मिळवायची, हा तिचा उद्योग. वाळू दूरच्या किनाऱ्यांवरची, पण कारभार दादरच्या कुशीतला.

त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन नावाचा त्वरक उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी मिळून उभारलेल्या या यंत्रात १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतच्या विद्युतदाबाने आयनांना वेग दिला जातो. कुलाब्याहून गिरगावाकडे आलात की खेतवाडी, सी. पी. टँक, किका स्ट्रीट या परिसरात स्टेनलेस स्टील आणि निकेलच्या मिश्रधातूंचे व्यापारी खेटून बसलेले दिसतात. देशभरातल्या रासायनिक कारखान्यांना आणि भट्ट्यांना लागणारे पाइप, पत्रे आणि सळ्या या गल्ल्यांतून जातात. आणखी पूर्वेला माझगाव डॉक. तिथे बांधलेल्या दिल्ली, कोलकाता आणि विशाखापट्टणम या वर्गांच्या विनाशिका गॅस टर्बाइनवर चालतात, आणि टर्बाइन म्हणजे तापलेल्या धातूची सर्वांत कठीण परीक्षा.

खनिजाचा कारभार, आयनांचे यंत्र, मिश्रधातूंचा बाजार आणि त्या धातूंचे गिऱ्हाईक ही चारही टोके मुंबईच्या एका लोकल प्रवासात मावतात. असे असूनही त्यांना जोडणाऱ्या विषयावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. मिश्रधातूच्या पृष्ठभागात विरल मृदा मूलद्रव्यांचे आयन रोवून त्याचे आयुष्य वाढवणे हा तो विषय. पुढील प्रकरणे त्यासाठीच लिहिली आहेत. वाचकांनी ती अभियंते असल्याखेरीज वाचू नयेत, असे मुळीच नाही. अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र धूसर आठवत असेल आणि एखादी वस्तू का टिकते, का मोडते याचे कुतूहल असेल, तर तेवढे भांडवल पुरेसे आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. धातूची झीज म्हटली की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर गंज येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. गिरगाव चौपाटीजवळच्या गॅलरीचे गज असोत की वरळीच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचे स्टँड असो, खारी हवा दर दोन-तीन वर्षांनी रंगाऱ्याला बोलावतेच. हा ओला क्षय. त्याला पाणी लागते, मीठ लागते आणि थोडी सवड लागते. या पुस्तकाचा मुख्य विषय मात्र कोरडा क्षय आहे. सातशे-आठशे ते हजार-अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला धातू हवेतल्या ऑक्सिजनशी थेट भिडतो, तेव्हा जे घडते ते. भट्टीच्या आतल्या जाळ्या, टर्बाइनची पाती, मोटारीच्या धुराड्यातला उत्प्रेरक, अणुभट्टीतल्या इंधनाची आवरणे या सगळ्यांचे शत्रुत्व या दुसऱ्या क्षयाशी आहे. विरल मृदा ओल्या क्षयातही थोडेबहुत काम करतात. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर सिरियमच्या क्षारांचा उपयोग १९८० च्या दशकापासून अभ्यासला जात आहे. पण त्यांची खरी करामत दिसते ती आगीत.

तापलेला धातू वाचतो कसा, हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. लोहार चाळीत शेगडीची कॉइल मिळते. तिची तार बहुधा निकेल आणि क्रोमियम यांची, साधारण ऐंशीला वीस या प्रमाणातली. हा मिश्रधातू अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने १९०६ मध्ये आणला. नवी तार चकचकीत असते. पहिल्यांदा लाल झाली की तिच्यावर काळसर-हिरवट रंग चढतो. तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तारेचा खरा रक्षक तोच. ऑक्सिजनला आत शिरायचे असेल तर या थरातून वाट काढावी लागते, आणि थर दाट असेल तर ती वाट फार मंद असते. आता वर्ष-दोन वर्षे वापरलेली, मधेच तुटलेली कॉइल पांढऱ्या कागदावर ठेवून हलके टिचकी मारून पाहा. कागदावर राखाडी-काळा चुरा पडेल, क्वचित हिरवट छटेचे बारीक खवले दिसतील. जिथून खवला सुटला तिथे तार बारीक झालेली असते, आणि तुटलेली जागा बहुतेक वेळा अशाच एखाद्या बारीक जागी सापडते.

हा चुरा म्हणजे विषयाचे मर्म आहे. भट्टीवर काम करणारे त्याला ‘स्केल’ म्हणतात. आपण पापुद्रा म्हणू. पापुद्रा जागेवर आहे तोवर धातू सुरक्षित असतो. पण शेगडी बंद केली की तार आणि पापुद्रा दोन्ही आकुंचन पावतात, आणि धातू पापुद्र्यापेक्षा दुपटीहून अधिक आकसतो. पापुद्रा दाबला जातो, फुगतो, तडकतो, सुटतो. खाली उघडा पडलेला धातू पुढच्या तापात नवा पापुद्रा बनवतो, त्यासाठी आणखी क्रोमियम खर्च करतो. असे होत होत पृष्ठभागाजवळचे क्रोमियम संपते, आणि मग लोखंड किंवा निकेल यांचे भुसभुशीत ऑक्साइड वाढू लागतात. तारेचा अंत ठरतो तो बटण किती वेळा चालू-बंद झाले यावर. नुसते किती तास तापली यावर नव्हे. वाचकांनी ही गोष्ट मनाशी पक्की धरावी. पुढच्या कितीतरी आलेखांचा अर्थ तिच्यावर अवलंबून आहे.

विरल मृदांचा प्रवेश इथे होतो, आणि तो योजून झालेला नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये निकेल-क्रोमियमच्या वितळलेल्या रसातला ऑक्सिजन आणि इतर अशुद्धी खेचून घ्यायला त्यात मिश-धातू टाकत. मिश-धातू म्हणजे सिरियम, लॅंथॅनम वगैरेंचे वेगळे न केलेले मिश्रण, लायटरच्या चकमकीत असते त्याच जातीचे. अशा रसापासून ओढलेल्या तारा इतरांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, हे लक्षात आले. ग्रिफिथ्स आणि फाइल यांच्या नावावर १९३७ मध्ये ब्रिटिश पेटंट झाले. तारेत विरल मृदांचे प्रमाण टक्क्याच्या लहानशा अंशाएवढे होते, आणि तेवढ्याने पापुद्रा धातूला चिकटून राहू लागला. असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर द्यायला पुढची पन्नासएक वर्षे लागली, आणि वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. मला हा विषय आवडण्याचे एक कारण तेच आहे. कारखान्यात उपयोग आधी सिद्ध झाला, कारण मागून आले.

आता ही मूलद्रव्ये कोणती? आवर्तसारणीतल्या लॅंथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, आणि त्यांच्याच स्वभावाची स्कँडियम व इट्रियम ही दोन, अशी एकूण सतरा. पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतकेच आढळते आणि इट्रियम शिशापेक्षा जास्त; अडचण त्यांच्या तुटवड्याची नसून ती एकमेकांपासून वेगळी करण्याची आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला त्यांची ओळख नकळत झालेली होती. लालबाग-परळच्या मिरवणुकांत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्तीची ती पांढरीशुभ्र जाळी थोरियम ऑक्साइडची असे, आणि तिच्यात सुमारे एक टक्का सिरियम ऑक्साइड मिसळलेले असे. त्या एक टक्क्याशिवाय बत्ती मिणमिणती राहते. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाख याने हे प्रमाण १८९० च्या सुमारास शोधून काढले. त्रावणकोरच्या वाळूतल्या मोनाझाइटला युरोपातून जी पहिली मागणी आली, ती या जाळ्यांसाठीच.

कोकणातून आलेल्या गिरगावकर-लालबागकर वाचकांना आपल्या गावच्या समुद्रकाठची काळी वाळू आठवेल, आणि ‘मग आमच्याकडेही हे असेल’ असे वाटेल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट यांची आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून ती बनली, आणि बेसॉल्ट या मूलद्रव्यांच्या बाबतीत हात आखडता घेणारा खडक. केरळ-तमिळ किनाऱ्यामागचे जुने ग्रॅनाइटी आणि नाइस जातीचे खडक मोनाझाइट देतात. त्यामुळे आपला वाटा वाळूचा नाही. तो यंत्रांचा आणि अभ्यासाचा आहे.

तापलेल्या पापुद्र्यात इट्रियम किंवा सिरियम नेमके काय करते, हे थोडे सावकाश पाहू. साधा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा मुख्यतः बाहेरच्या बाजूने वाढतो. धातूतले क्रोमियमचे आयन पापुद्र्यातून वर येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनला मिळतात. पापुद्रा हा लहान लहान स्फटिककणांचा बनलेला असतो, आणि आयनांची बहुतेक ये-जा या कणांच्या मधल्या सीमांमधून होते. क्रोमियम वर निघून गेले की धातू आणि पापुद्रा यांच्या सांध्यात पोकळ्या राहतात. सांधा दुबळा होतो. आता इट्रियम आले. त्याचा आयन क्रोमियमच्या जवळजवळ दीडपट मोठा. तो कणांच्या सीमांमध्ये जाऊन बसतो आणि तिथून सहजी हलत नाही. दादरला गर्दीच्या वेळी डब्याच्या दारातच बस्तान ठोकून उभा राहणारा धिप्पाड प्रवासी आठवा. आतल्याला बाहेर पडायचे असते, पण वाट त्यानेच अडवलेली. क्रोमियमची बाहेर जाणारी रहदारी अशी खोळंबली की पापुद्रा दुसऱ्या रीतीने, म्हणजे ऑक्सिजन हळूहळू आत येऊन, वाढू लागतो. वाढ मंदावते, कण बारीक राहतात, सांध्यात पोकळ्या होत नाहीत, आणि तारेची शेगडी थंड झाली तरी पापुद्रा जागा सोडत नाही.

हे चित्र सुबक आहे, पण एकटे पुरेसे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी बोट ठेवले ते गंधकावर. मिश्रधातूत गंधक दशलक्ष भागांत अवघे काही भाग असते, इतके थोडे की पूर्वी कोणी त्याची फिकीरच करत नसे. पण तापलेल्या धातूत ते पृष्ठभागाकडे सरकते, पापुद्र्याच्या सांध्यात गोळा होते आणि चिकटण्याची शक्ती खाऊन टाकते. विरल मृदांना गंधकाची विलक्षण ओढ असते. ती त्याला आतच पकडून ठेवतात. पुरावा असा की गंधक जवळजवळ पूर्ण काढून टाकलेल्या काही मिश्रधातूंवर इट्रियमशिवायही पापुद्रा चांगला चिकटला. मग श्रेय कोणाचे, दारात उभ्या राहणाऱ्याचे की गंधक पकडणाऱ्याचे? आज बहुतेक जण दोन्हींना वाटा देतात. क्रोमियमच्या पापुद्र्यात पहिल्याचा वाटा मोठा दिसतो, अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पापुद्र्यात दुसऱ्याचा. माझा कलही तिकडेच आहे, पण वाचकांनी पुरावे वाचून आपले मत बनवावे.

अशा प्रश्नाचा निकाल लावायचा तर विरल मृदा नेमकी हवी तिथे, हवी तेवढीच आणि बाकी कशालाही हात न लावता घालता आली पाहिजे. वितळलेल्या रसात टाकली की ती सगळीकडे पसरते, रसाची मूसही खाते, काही मळीबरोबर निघून जाते, काही निकेल किंवा लोखंडाशी संयुग होऊन कणांच्या सीमांवर साचते आणि मिश्रधातू ठिसूळ करते. आयन-रोपणाचे महत्त्व इथे कळते. निर्वात कोठीत इट्रियमची वाफ करायची, तिच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून आयन बनवायचे, पन्नास हजार ते दोन लाख व्होल्टच्या दाबाने त्यांना वेग द्यायचा, चुंबकाने नको ते आयन बाजूला वळवायचे आणि उरलेला झोत थेट धातूच्या तुकड्यावर सोडायचा. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे इट्रियमचे आयन पोलादात साधारण वरच्या पन्नास नॅनोमीटरांत थांबतात. म्हणजे एका मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. तुकड्याचे माप बदलत नाही, आणि वेगळा लेप नसल्याने तो सुटण्याचाही प्रश्न नाही. शिवाय आयन बळाने घुसवलेले असल्यामुळे, एरवी जेवढे विरघळले असते त्याहून किती तरी अधिक इट्रियम तिथे बसवता येते.

हे तंत्र मुळात अर्धवाहकांचे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ शॉक्ली याने त्यासाठी १९५४ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता, आणि आज तुमच्या खिशातल्या फोनमधली प्रत्येक चिप आयन-रोपणातून गेलेली असते. धातूंकडे ते वळले ते मुख्यतः इंग्लंडमध्ये, हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात. ब्रिटनमधल्या काही अणुभट्ट्यांत इंधनाभोवती २० टक्के क्रोमियम आणि २५ टक्के निकेल असलेल्या पोलादाचे आवरण असे, आणि त्याच्यावरून तापलेला कार्बन डायऑक्साइड वाहत असे. पापुद्रा सुटून वायूबरोबर फिरू लागला तर पंचाईत. अँटिल, बेनेट, डिअर्नली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘करोजन सायन्स’ या नियतकालिकात या पोलादावर इट्रियम आणि सिरियम रोवल्याचे परिणाम प्रसिद्ध केले. रोवलेल्या तुकड्यांचे ऑक्सिडीभवन कमी झाले, पापुद्राही चांगला टिकला, आणि ज्यांच्या अंगभर इट्रियम मिसळलेले होते अशा पोलादांशी त्यांची तुलना करता आली. नवल असे की पापुद्रा वाढत वाढत रोपणाच्या खोलीहून कितीतरी जाड झाला, तरी गुण ओसरला नाही. इट्रियम पापुद्र्यातच राहिले आणि आपले काम करत राहिले. आतल्या धातूत एक कणही नसताना फरक पडतो, याचा अर्थ सारा खेळ वरच्या थरातला आहे. हे सांगण्याची ताकद दुसऱ्या कुठल्या पद्धतीत इतकी स्वच्छ नव्हती.

थोडा हिशेब मांडू, म्हणजे प्रमाणाची जाण येईल. समजा, एक चौरस सेंटिमीटरवर दहाचा सोळावा घात, इतके इट्रियमचे आयन रोवले. संख्या अफाट वाटते, पण वजन भरते दीड मायक्रोग्रॅम. एक चौरस मीटरला पंधरा मिलिग्रॅम. आता तोच एक चौरस मीटरचा, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घ्या. वजन सुमारे आठ किलो. त्यात रसातच ०.१ टक्का इट्रियम मिसळायचे तर आठ ग्रॅम लागेल, म्हणजे पाचशे पटींहून अधिक. हा हिशेब ऐकून पुष्कळांचे डोळे चमकतात. त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. शंभर मायक्रोअँपिअरचा झोत असेल तर तेवढेच आयन रोवायला प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सोळा सेकंद, आणि पूर्ण चौरस मीटरला चव्वेचाळीस तास लागतात. कोठी निर्वात ठेवायची, यंत्र चालवायचे, तंत्रज्ञ बसवायचा. वाचलेल्या आठ ग्रॅमची किंमत त्यापुढे काहीच नाही. १९८० च्या दशकात बर्कलीला धातूच्या विद्युत-ज्वालेवर चालणारे आयनस्रोत तयार झाले. दहा मिलिअँपिअरच्या झोताने हेच काम अर्ध्या तासाच्या आत होते. तरीही झोत सरळ रेषेत जातो, ही अडचण राहतेच. पाइपच्या आतल्या बाजूला, वळणाला, खाचेला तो पोहोचत नाही.

म्हणून इथेच स्पष्ट सांगतो. पोलादाचे टनावारी उत्पादन आयन-रोपणाने टिकाऊ होईल, अशी आशा कोणी दाखवली तर तुम्ही सावध राहा. बाजारात तो सामना रसात मिसळण्याने केव्हाच जिंकला आहे. किका स्ट्रीटच्या व्यापाऱ्याकडे ‘२५३ एमए’ मागितलेत तर तो भट्टीचे स्टेनलेस स्टील दाखवेल. त्यात सुमारे ०.०५ टक्का सिरियम असते. टर्बाइनच्या पात्यांवर जे संरक्षक लेप देतात, त्यांच्या एका मोठ्या कुळात अर्धा टक्क्याच्या आसपास इट्रियम असते. अणुभट्ट्यांसाठीच्या काही नव्या पोलादांत इट्रियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण भुकटीच्या अवस्थेतच मिसळतात. आयन-रोपणाचा मान वेगळा आहे. या सगळ्या पद्धतींत विरल मृदा काय करते, हे ज्या साधनांनी उलगडले, त्यांत ते अग्रभागी आहे. आणि जिथे भाग लहान, मौल्यवान आणि मापाला काटेकोर असतो तिथे ते प्रत्यक्ष उपयोगाचेही आहे. कृत्रिम खुब्याच्या टायटॅनियम गोळ्यात नायट्रोजन रोवून त्याची झीज कमी करण्याचा प्रघात याच प्रकारातला.

अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा बनवणाऱ्या मिश्रधातूंवर रोपणाचा गुण तितकासा येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिथे धातूच्या अंगात मिसळलेले इट्रियमच सरस ठरते. कारणांची चर्चा स्वतंत्र प्रकरणात केली आहे. ते थोडे अवघड आहे आणि पहिल्या वाचनात सोडले तरी चालेल. समुद्रावरच्या टर्बाइनचा प्रश्न आणखी वेगळा. हवेतले मीठ आणि इंधनातले गंधक यांतून सोडियम सल्फेट बनते, ते ८८४ अंशांना वितळते आणि पात्यावरचा पापुद्राच विरघळवते. नुसता चिकट पापुद्रा तिथे पुरत नाही. माझगावला जहाजे बांधणाऱ्या शहराने हा प्रश्न आपला मानावा, असे मला वाटते.

भारताच्या दृष्टीने एक गोष्ट मी आग्रहाने मांडेन. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृदांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. त्यांत इट्रियम होते. आपल्या मोनाझाइटमध्ये इट्रियम आणि जड विरल मृदा कमीच. पण विरल मृदांच्या एकूण वजनात सिरियम जवळजवळ निम्मे आहे. चुंबकांसाठी निओडिमियम काढताना सिरियम आपोआप हाती येते आणि त्याला पुरेसे गिऱ्हाईक नसते. ऑक्सिडीभवनाच्या अभ्यासात इट्रियमचे कौतुक अधिक झाले, कारण ते बऱ्याच ठिकाणी खरेच उजवे ठरते. पण क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यावर सिरियम फार मागे नाही. इथल्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध निवडताना हे लक्षात घ्यावे.

नव्या वाचकाने हा विषय कुठून धरावा? यंत्रापासून सुरुवात करू नका. त्वरकाच्या आकृत्या आकर्षक असतात आणि त्यातच अडकायला होते. आधी तराजूपासून सुरुवात करा. तापवलेल्या तुकड्याचे वजन वेळेबरोबर कसे वाढते, तो आलेख आधी वाचायला शिका. चांगला पापुद्रा असेल तर वजनवाढीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. मग तापवणे-थंड करणे असे वारंवार केल्यावर तोच आलेख कुठे खाली वळतो ते पाहा. ते वळण म्हणजे पापुद्रा सुटू लागल्याची खूण. कोणताही शोधनिबंध हातात घेतलात की तीन गोष्टी आधी शोधा. चाचणी एकसारख्या तापमानाची होती की चालू-बंद पद्धतीची? मूळ धातूत गंधक किती होते? आणि तुलनेसाठी एखादा निष्क्रिय आयन, जसे क्रिप्टॉन, रोवलेला तुकडा होता का? आयनांच्या माऱ्याने धातूची जालकरचना मोडते आणि त्या मोडतोडीनेही ऑक्सिडीभवन बदलू शकते. हा तिसरा तुकडा नसेल तर श्रेय इट्रियमचे की माऱ्याचे, हे ठरवता येत नाही. मात्रा वाढवत गेले की गुण वाढतच जातो, असेही समजू नका. ठरावीक हद्दीपलीकडे येणारे आयन पृष्ठभागाचेच अणू उडवू लागतात.

संज्ञांच्या बाबतीत मी हट्ट धरलेला नाही. जिथे मराठी शब्द रुळला आहे तिथे तो वापरला, जिथे कारखान्यात दुसराच शब्द चालतो तिथे तो. गणित परिशिष्टात ठेवले आहे. दुसरे प्रकरण तापलेल्या तारेवर आहे. घाई असलेल्या वाचकांनी तेवढे आणि हार्वेलच्या प्रयोगांवरचे पाचवे वाचले तरी विषयाशी ओळख होईल.

शेवटी परळ-लालबागच्या, आणि आता महापे-तळोजापर्यंत पांगलेल्या, भट्टी-बॉयलरवर काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. जळालेली जाळी, तडकलेली नळी, तुटलेली कॉइल भंगारात जाण्याआधी तिचा बोटभर तुकडा पापुद्र्यासकट कोरड्या डबीत जपून ठेवा. चिठ्ठीवर चारच गोष्टी लिहा : कोणता धातू, किती तापमान, किती तास, आणि दिवसातून किती वेळा चालू-बंद. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या धातुशास्त्राच्या प्राध्यापकाला तो तुकडा दाखवा. प्रयोगशाळेत शेकडो तासांची चाचणी करता येते. तुमच्या भट्टीने ती काही हजार तासांची आधीच केलेली आहे.